आईची साक्ष

आज मी आपल्याशी लहान मुलांच्या यकृताच्या एका दुर्मिळ आजाराविषयी बोलणार आहे. दुर्मिळ म्हणतो खरा, पण तो अलीकडे दुर्मिळ झाला आहे. आपल्या आजी-पणजीच्या काळात महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांना तो ठाऊक होता. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणारा मास्तर आहे. तेव्हा औषधाच्या मात्रा सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तो मी घेणारही नाही. परंतु हा आजार ज्या वाटेनं उलगडला, ती वाट दवाखान्यातून निघते आणि थेट आपल्या स्वयंपाकघरात येते. तिथं बोलायला तुम्हाआम्हाला हरकत नाही.

हा विषय मला सुचला सीबीडी बेलापूरला, माझ्या आत्याच्या घरी. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी तिच्या मुलाचं बिऱ्हाड. मुलगा, सून, नातू, नातसून आणि आठ महिन्यांचा पणतू असं भरलं घर. एका रविवारी मी गेलो, तेव्हा नातसुनेनं हौसेनं एक नवी वस्तू दाखवायला आणली. तांब्याची तपेली. आरशासारखी लखलखीत. शहरात हल्ली तांब्यापितळेचे दिवस पुन्हा आले आहेत, हे आपण पाहतोच. पोरगी म्हणाली, "काका, बाळाचं दूध आता हिच्यातच तापवायचं आणि हिच्यातच ठेवायचं. पूर्वीची माणसं काय वेडी होती?"

आत्यानं तपेली हातात घेतली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "कल्हई नाही गं हिला. पण दुधाला काय, चालतं. ताक कळकतं. दूध थोडंच कळकतं? आमच्याकडं दुधाचं पातेलं बिनकल्हईचंच असायचं."

मी जरा दचकलो. कारण पुण्याला झालेल्या एका संशोधनाबद्दल मी थोडंफार वाचलं होतं. शिवाय आत्याची पहिली दोन मुलं लहानपणीच गेली, एवढं मला घरात ऐकून ठाऊक होतं. कशानं गेली, हे मात्र कधी कुणी बोललं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी, चहा झाल्यावर, मी विचारलं.

पहिला मुलगा १९६३ सालचा. सातारा जिल्ह्यातलं खेडं, खटल्याचं घर, दारात दोन म्हशी. दुधादुभत्याला तोटा नाही. मूल गुटगुटीत होतं. वर्षाचं झालं आणि किरकिर करू लागलं. अंगात बारीक ताप, खाण्यावरची वासना उडालेली, पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. "उजव्या बरगडीखाली बोटं लावली की कड लागायची रे," आत्या म्हणाली, "शिळ्या भाकरीची लागते तशी." पुढे डोळे पिवळे झाले, पावलांवर सूज आली, पोटात पाणी झालं. दिवाळीच्या आधी मूल गेलं.

लोक काय म्हणाले असतील, याची कल्पना आपल्याला आहे. कुणी दृष्ट म्हणालं, कुणी पायगुण. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईनं तर निदानच करून टाकलं की हिच्या अंगावरचं दूध वाईट आहे. म्हणून १९६६ साली मुलगी झाली तेव्हा तिला आईचं दूध महिन्या-दीड महिन्यातच तोडलं. म्हशीचं दूध निम्मं पाणी घालून पितळेच्या पातेल्यात उकळायचं आणि त्याच पातेल्यात चुलीच्या वैलावर कोमट ठेवायचं. सकाळी तापवलेलं दूध रात्रीपर्यंत वाटीवाटीनं पाजायचं. ती मुलगी तर धड पाऊल टाकायच्या आधीच गेली. तीच लक्षणं, तोच शेवट.

त्यानंतर यजमानांना मुंबईला गोदीत नोकरी लागली. खेड्यातलं बिऱ्हाड मोडलं, चाळीत खोली मिळाली. तिथं भांडीकुंडी जुजबीच. दूध तापवायला जर्मनचं पातेलं. तिसरा मुलगा तिथं झाला, १९६९ साली. तो जगला. तोच माझा आतेभाऊ. आत्यानं पालीच्या खंडोबाला नवस केला होता, तो फेडला, आणि पुढे ही गोष्ट घरात कुणी काढली नाही.

आत्याच्या मुलांना झालेला आजार नेमका हाच होता, असं आज कुणीही छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. त्या मुलांची ना तपासणी झाली, ना एखादा कागद मागे राहिला. तथापि तिनं जे जे सांगितलं, ते या आजाराच्या वर्णनाशी इतकं जुळतं की ऐकताना अंगावर काटा यावा.

वैद्यकाच्या पुस्तकांत या आजाराला इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस असं नाव आहे. सिऱ्होसिस म्हणजे यकृताच्या मऊ पेशी मरून तिथं चिवट धागे तयार होणं आणि यकृत कठीण होणं. मोठ्या माणसांत तो दारूनं होतो, काही काविळींनंतर होतो. पण इथं दारूचा थेंब न शिवलेली, एक ते तीन वर्षांची बालकं या रोगानं जात. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये याची नोंद केली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं कारण हाती लागलं नाही. आत्याला जशी भाकरीची कड आठवली, तशी पुस्तकं लिहिणाऱ्यांना झाडाच्या पानाची कड आठवली होती. यकृताची पातळ, टणक, धारदार कड हे या आजाराचं जुनं लक्षण आहे.

या आजाराच्या काही गोष्टी बुचकळ्यात टाकणाऱ्या होत्या. तो शहरापेक्षा खेड्यात जास्त. अगदी हातावर पोट असलेल्या घरापेक्षा खाऊनपिऊन सुखी, मध्यम स्थितीतल्या हिंदू घरांत जास्त. आणि एकाच घरात एकामागून एक मुलं जात. कुणी म्हणे रक्तातला दोष आहे, कुणी म्हणे जंतू आहे, कुणाला भुईमुगाला लागणाऱ्या बुरशीच्या विषाचा संशय आला. आईच्या आहारावरही बोट ठेवलं गेलं. औषधांच्या जाहिराती तर गावोगावच्या भिंतींवर असत. पण मुलं जातच राहिली. एकदा काविळीनं डोळे पिवळे झाले की बहुतेक मुलं काही महिन्यांतच जात.

धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. १९७८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या संशोधकांनी अशा मुलांच्या यकृताचे तुकडे एका विशिष्ट रंगानं रंगवून पाहिले. पेशींत तांब्याशी निगडित असे कण खच्चून भरलेले दिसले. पुढे मोजमापं झाली. निरोगी मोठ्या माणसाच्या यकृतात, वाळवून वजन केलं तर, ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. या मुलांत ते ८०० च्या वर आणि कित्येकदा हजारांत होतं.

आता प्रश्न असा की दीड वर्षाच्या पोराच्या पोटात एवढं तांबं आलं कुठून?

पुण्याला रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे सहकारी अशी मुलं तपासत होते. इंग्लंडमधले डॉ. स्ट्युअर्ट टॅनर त्यांच्याबरोबर काम करीत होते. या मंडळींनी जे केलं ते सांगायला फार साधं आहे. त्यांनी आयांना विचारलं. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कशाचं? कशात तापवलं? तापवल्यावर कशात ठेवलं? किती वेळ? आजारी मुलांच्या आयांना विचारलं, आणि तेवढ्याच वयाच्या निरोगी मुलांच्या आयांनाही तेच विचारलं. दोन्ही साक्षी शेजारी शेजारी ठेवल्या.

उत्तर त्या साक्षींतच होतं. आजारी पडलेल्या मुलांना वरचं दूध फार लवकर सुरू झालं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत उकळलेलं, त्यांतच ठेवलेलं होतं. हे निष्कर्ष १९८३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि आजारी व निरोगी मुलांची जोडीजोडीनं केलेली तुलना १९८७ मध्ये छापून आली.

इथं जरा थांबू. आपल्या भाषेत 'कळकणं' असं एक क्रियापद आहे. ताक पितळेत कळकतं, चिंचेचं सार कळकतं, आमटी कळकते. आंबट पदार्थ धातूशी झगडतो, हिरवट कळक सुटते आणि जिभेला लगेच कळतं. म्हणून तर आपल्याकडे दारोदार कल्हईवाला येई. अंगणात खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचं, की काळवंडलेलं भांडं आतून चांदीसारखं. ती कल्हई म्हणजे अन्न आणि पितळ यांच्यामधली भिंत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं.

पण दूध आंबट नाही. ते कळकलेलं जिभेला जाणवत नसे. म्हणून आत्याच्या घरच्यासारखी समजूत झाली, की दुधाला कल्हई नसली तरी चालते. खरी गोष्ट अशी की दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाला तांबं चटकन चिकटतं. दूध जितकं तापेल आणि जितका वेळ भांड्यात राहील, तितकं तांबं त्यात उतरतं. प्रयोगशाळेत आपल्या खेड्यातल्या रीतीप्रमाणे पितळेत दूध तापवून हे पडताळून पाहिलं गेलं आहे. जीभ फसली आणि तिच्यावर विश्वास ठेवणारी माया फसली.

मग मोठ्या माणसांना काही का होत नसे? मोठ्याचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाची ही व्यवस्था अजून कच्ची असते, आणि जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा मोठ्यांपेक्षा जास्त असतो. त्यात दूध हेच त्याचं सगळं अन्न. मोठा माणूस पितळेतलं दूध कपभर पितो. बाळ दिवसभर तेच पितं. आईच्या अंगावरच्या दुधात तांबं अगदी बेताचं असतं. म्हणून जितक्या लवकर ते तोडलं, तितका धोका जास्त.

आता आत्याच्या घरातला न्याय आठवून पाहा. मूल गेलं, दोष आईच्या दुधाला दिला, आणि दुसऱ्या मुलाला वाचवण्यासाठी ते दूध तोडून पातेल्यातलं दूध सुरू केलं. वाचवायच्या वाटेनंच घात झाला. यात दुष्टावा कुणाचाच नव्हता. ज्या घरात म्हैस होती, पितळेची भांडी होती, मुलाला वरचं दूध पाजण्याची ऐपत होती, तिथंच हे व्हावं, हीच या आजाराची क्रूर थट्टा म्हणायची.

ही काही एकट्या आपल्या देशाची गोष्ट नव्हे. ऑस्ट्रियात टिरोल म्हणून आल्प्सच्या डोंगरातला मुलूख आहे. तिथं १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं अगदी अशाच आजारानं गेली. तिथंही गाईचं दूध पातळ करून, बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यांत उकळून देण्याची चाल होती. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. तिथल्या संशोधकांनी १९९६ मध्ये हे प्रसिद्ध करताना आणखी एक गोष्ट दाखवली. आजार ठरावीक कुळांतून चालत आलेला होता. म्हणजे भांडं एक कारण, आणि काही मुलांत जन्मतः असलेली नाजूक घडण हे दुसरं. दोन्ही एकत्र आली की आजार. आपल्याकडेही पितळेतलं दूध प्यालेली हजारो मुलं सुखरूप वाढली. तेव्हा इथंही तसंच काही असावं, असं जाणकार मानतात. 'आम्ही नाही का प्यालो? आम्हाला काय झालं?' असं कुणी म्हणालं, तर त्याला हे उत्तर आहे.

उपचाराचं काय झालं, हे आता सांगतो. पेनिसिलामाइन नावाचं औषध शरीरातल्या तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेतं. डॉ. जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये ते विल्सन रोग नावाच्या दुसऱ्या एका आजारासाठी पुढे आणलं होतं. पुण्याच्या मंडळींनी ते या बालकांवर शास्त्रशुद्ध पद्धतीनं वापरून पाहिलं आणि १९८७ मध्ये निष्कर्ष मांडले. कावीळ होण्याआधी जी मुलं आली, त्यांतल्या काहींना जीवदान मिळालं. ज्यांचे डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी झालं होतं, त्यांना बहुधा उशीर झालेला असे. पाच-पाच वर्षं आणि त्याहून अधिक जगलेल्या मुलांची हकीकत १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे औषध बंद केल्यावरही ती मुलं टिकली, कारण तांब्याचा ओघच थांबला होता. ज्या आजाराचं नाव म्हणजे मृत्युपत्र होतं, त्यातून मुलं शाळेत जाऊ लागली.

असे उपचार आईबापांची कसोटी पाहतात. औषध उपाशीपोटी द्यायचं, तेही किरकिऱ्या, न खाणाऱ्या पोराला. रक्त-लघवी पुन्हा पुन्हा तपासायची, कारण औषधाचे स्वतःचे उपद्रव असतात. अंगावर पुरळ येतं, कधी मूत्रपिंडाला त्रास होतो. गुण लागतो तो महिन्यांच्या हिशेबानं. मधल्या काळात शेजारी विचारतात, 'अजून पोट तसंच? दुसरं काही करून पाहा की.' एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, घरी ठेवलेली दुसरी मुलं, हे सगळं सोसून जी माणसं पुन्हा तपासणीला येतात, त्यांच्याच जोरावर डॉक्टरांना कळतं की औषध चालतं की नाही. औषधाच्या प्रत्येक यशामागे अशी न कंटाळलेली माणसं असतात. त्यांची नावं कुठं छापून येत नाहीत.

पण औषधापेक्षा मोठं काम साध्या सल्ल्यानं केलं. बाळाला अंगावरचं पाजा, आणि वरचं दूध द्यावंच लागलं तर पितळेत-तांब्यात ठेवू नका. त्याच सुमारास स्टेनलेस स्टील स्वस्त होऊन खेड्यापाड्यांत पोचलं. लग्नात पितळेऐवजी स्टीलची भांडी येऊ लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा आजार इतका कमी झाला की आजच्या तरुण डॉक्टरांतल्या पुष्कळांनी तो फक्त पुस्तकात पाहिला आहे.

म्हणूनच आज बोलायची गरज आहे. आजार विसरला गेला, आणि भांडी परत आली. तांब्यातल्या साध्या पाण्याला मी नावं ठेवत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून दिलं आहे. पण दूध, ताक, लिंबू-कोकमाचं सरबत, आमटी हे बिनकल्हईच्या तांब्यापितळेत ठेवू नये. आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर हा नियम एक दिवसही मोडू नये. पहिले सहा महिने आईचंच दूध. पुढे वरचं काय आणि कसं द्यायचं, ते आरोग्य केंद्रात विचारावं.

या कथेतून आणखी दोन आजारांकडे लक्ष जातं, तेही थोडक्यात सांगतो. त्यांचा भांड्यांशी काही संबंध नाही. पण घरच्यांच्या आणि गुरुजींच्या नजरेशी आहे.

पहिला तान्ह्या बाळांचा. यकृतातून पित्त वाहून नेणारी नळीच बंद असते. नवजात बाळाला थोडी कावीळ होते, ती बहुधा आपोआप जाते. पण दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे राहिले, लघवी गडद पिवळी होऊ लागली आणि शी पांढरट, शाडूच्या मातीसारखी झाली, तर एक दिवसही न दवडता मोठ्या रुग्णालयात जावं. जपानच्या डॉ. कासाई यांनी यावर शोधून काढलेली शस्त्रक्रिया १९६८ मध्ये इंग्रजी वैद्यकजगताला कळली. ती बाळ दोन महिन्यांचं होण्याआधी झाली तर यशाची आशा जास्त. तैवान देशात २००४ पासून सर्व आयांना शीचे रंग छापलेलं एक कार्ड देतात. आईनं लंगोट पाहायचा आणि कार्डाशी ताडून पाहायचं. तपासणीची सुरुवात आईच्या डोळ्यांनी होते. आपल्याकडे १९९८ मध्ये दिल्लीत या आजाराच्या वीस महिन्यांच्या एका मुलाला वडिलांनी आपल्या यकृताचा भाग दिला. तामिळनाडूतून आलेलं ते मूल जगलं, वाढलं आणि पुढे स्वतः डॉक्टर झालं. आपली कहाणी ते उघडपणे सांगतात, म्हणून कित्येक आईबापांना धीर येतो.

दुसरा आजार म्हणजे मघाशी उल्लेख केलेला विल्सन रोग. यातही शरीरात तांबं साठतं, पण ते जन्मजात दोषामुळे. तो शाळेच्या वयात डोकं वर काढतो. कधी कावीळ होते. कधी हुशार मुलाचं अक्षर अचानक बिघडतं, हात कापतो, बोलणं जड होतं, लाळ गळते, अभ्यासात मागे पडतं. आपण शिक्षक म्हणतो, 'लक्ष नाही तुझं,' आणि छडी उगारतो. गुरुजी, अक्षर बिघडलं तर रागावण्याआधी एकदा पालकांना बोलवा. वेळेवर ओळखला तर या आजारावर औषध आहे. ते जन्मभर घ्यावं लागतं, आणि पाठच्या भावंडांचीही तपासणी करावी लागते.

आता शेवटचं. डॉक्टरांपुढे आपण काय सांगतो? 'बाळाला बरं नाही,' एवढंच. बाळगुटी दिली होती, झाडपाल्याचा रस पाजला होता, अंगारा लावला होता, आधीचं मूल असंच गेलं होतं, हे आपण झाकतो. रागावतील म्हणून, किंवा हसतील म्हणून. पुण्याच्या त्या आयांनी पातेल्याची गोष्ट क्षुल्लक म्हणून सांगितलीच नसती, तर सूक्ष्मदर्शकाखालच्या तांब्याचं मूळ कुठं सापडलं असतं? तेव्हा सगळं सांगा. बाळ कधीपासून किरकिरतं, काय खातं, कशातून खातं, शी-लघवीचा रंग काय, घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं का. आठवत नसेल तर वहीत लिहून न्या. ज्या आईला लिहिता येत नाही, तिला गावातल्या गुरुजींनी किंवा बाईंनी दहा मिनिटं बसून लिहून द्यावं. आणि ऐकणाऱ्यांनीही, मग ते डॉक्टर असोत, सासू असो की नवरा, एक पथ्य पाळावं. आधी पूर्ण ऐकून घ्यावं. दोष कुणाचा, हे ठरवायची घाई करू नये.

बेलापूरला त्या संध्याकाळी मी आत्याला पुण्याची ही हकीकत सांगावी की नाही, या विचारात पडलो होतो. साठ वर्षांची जखम. शिवाय ते पातेलं तिच्या हातचं. शेवटी सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पातेलं माझ्या माहेरचं होतं. आईनं नाव घालून दिलं होतं." मला वाटलं, सांगितलं ते चुकलंच. पण थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, "म्हणजे माझ्या दुधात दोष नव्हता म्हण की?"

मी म्हणालो, "नव्हता, आत्या. नव्हताच."

त्यावर ती काही बोलली नाही. पदरानं डोळे टिपले, आणि आत हाक मारून नातसुनेला म्हणाली, "ती तपेली पाण्याला घे गं. बाळाच्या दुधाला स्टीलचंच पातेलं असू दे."

श्रोते हो, आपल्याही घरात अशी एखादी न बोललेली गोष्ट असेल. एखादी आजी, एखादी काकू, जिला कुणी कधी विचारलं नाही. सवडीनं तिच्याजवळ बसा आणि विचारा. तिच्या आठवणीतून कदाचित पुढच्या एखाद्या मुलाच्या उपयोगाचं काही निघेल. काही निघालं नाही, तरी तिच्या मनावरचं एखादं ओझं उतरेल. तेही काही कमी नाही.